माऊलींच्या पालखीत एकच टप्पा चालायचाय, कुठला निवडू?

पहिल्यांदाच_वारी: आईला बरोबर घेऊन ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीत एक दिवस चालायची इच्छा आहे. सगळे पुणे-सासवड सुचवतात पण दिवे घाट आणि ती गर्दी, शिवाय अंतर सगळ्यात मोठं, आईचं वय बासष्ट, गुडघे थोडे कुरकुरतात. गावागावातून जाणारा, जरा निवांत टप्पा कुठला? आणि दिंडीत असं मधेच शिरलं तर चालतं का?

नीराकाठचा: वाल्हे ते लोणंद करा. वाल्ह्याला रेल्वे स्टेशन आहे, पुण्याहून आदल्या दिवशी येता येतं. सकाळी निघालं की दुपारचा विसावा नीरेला, आणि मग दत्त घाटावर माऊलींच्या पादुकांना नीरास्नान. पूल ओलांडला की सातारा जिल्हा, पाडेगावला स्वागत. आमच्याकडे त्या दिवशी घराघरात चुली पेटलेल्या असतात, पिठलं-भाकरी घेऊन बायका रस्त्यावर उभ्या असतात, नाही म्हणू नका, थोडं तरी घ्याच, त्यांना फार बरं वाटतं.

टाळकरी_फलटण: नीरास्नान बघण्यासारखंच आहे, दादांचं बरोबर. पण गुडघ्यांचा विचार केला तर मी लोणंद-तरडगावच म्हणेन. अंतर कमी, दुपारी जेवणं उरकून पालखी निघते म्हणजे सकाळची घाई नाही, लोणंदलाही स्टेशन आहेच, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. रस्त्याच्या दोन्ही बाजूला वारकरी उभे राहतात, मधून अश्व धावतात, एकावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसरा माऊलींचा, त्यावर कोणी बसत नाही. अश्व गेले की लोक टापांखालची माती कपाळाला लावतात, आईंना हे दाखवाच. फक्त तिथे रेटारेटी होते, त्यांना घेऊन जरा मागे थांबा. आणि तारीख आधी बघा, लोणंदचा मुक्काम तिथीप्रमाणे कधी एक दिवसाचा, कधी जास्त असतो.

दिंडीचं म्हणाल तर विणेकऱ्यांना किंवा दिंडीप्रमुखांना नमस्कार करून विचारायचं, "माऊली, मागे चालू का", सहसा कोणी नाही म्हणत नाही. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा अशी रचना असते, त्या ओळी मोडून फोटोसाठी मधे घुसू नका एवढं कळकळीने सांगतो. अभंगांचा क्रम लागलेला असतो, लोक देहभान विसरून म्हणत असतात. फोन खिशात ठेवा आणि टाळ्या वाजवत चला, चाल आपोआप येते.

तुळस_डोक्यावर: ताई असाल तर ताई, दादा असाल तर दादा 🙏 आईंसाठी बायकांच्या बाजूने सांगते. नवीन बूट अजिबात नको, रुळलेली चप्पल किंवा बूटच. प्लास्टिकचा कागद किंवा रेनकोट घ्या, आणि शौचालयाला जिथे सोय दिसेल तिथे जाऊन घ्या, पुढे मिळेल म्हणून थांबू नका. फोनला रेंज मिळेलच असं नाही तर हरवलात तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, आईंच्या पिशवीत तुमचा नंबर कागदावर लिहून ठेवा. तरडगावला पोचल्यावर दमल्या नसतील तर समाजआरतीला, म्हणजे मुक्कामावरच्या सगळ्यांच्या एकत्र आरतीला थांबा. चोपदारांनी दंड वर केला की एवढा मोठा जमाव एका क्षणात गप्प होतो, आणि हरवलं-सापडलं तिथेच पुकारतात.

पहिल्यांदाच_वारी: ताईच आहे मी 🙂 आईला वाचून दाखवलं, लोणंद-तरडगाव ठरलं. परत यायला गाडी तरडगावात बोलावली तर येईल का?

टाळकरी_फलटण: ताई, पालखीमार्गावर वाहतूक वळवलेली असते, त्यावर भरवसा नको. त्या रात्री गावातच राहायची सोय आधी बघा, आणि सकाळी पालखी पुढे फलटणकडे गेली की मग लोणंदला परत फिरा.