मदत हवी आहे: सेसनाचे स्क्रीन सुधारायला चांगला मॉड सांगा (अर्जंट!)

कृष्णाकाठचा_कॅप्टन (सांगली), शुक्रवार रात्री 10:40
मंडळी, कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेसना विमानाच्या कॉकपिटचे दोन्ही स्क्रीन एकदम बेकार दिसतात. उंचीचे आकडे वाचता येत नाहीत, चढायला लागलं की आकड्यांना शेपूट फुटतं. एका व्हिडिओत बघून मॉड (सिममध्ये बदल करणारी बाहेरची फाइल) टाकला तर आता दोन्ही काळेकुट्ट. रविवारी सकाळी आमची ग्रुप फ्लाइट आहे, कोल्हापूर ते गोव्याचं दाबोळी. फक्त चांगला मॉड सांगा. सेटिंग-बिटिंग सगळं बघून झालंय.

घाटमाथा_172 (सातारा)
कुठला सिम? आणि सेसना म्हणजे कुठली? 152 पण सेसना, सायटेशन पण सेसनाच.

कृष्णाकाठचा_कॅप्टन
172 ओ, अजून कुठली असणार. सिम मायक्रोसॉफ्टचा.

घाटमाथा_172
2020 का 2024? स्टीमवरून घेतलाय का स्टोअरमधून? ग्राफिक्स कार्ड कोणतं? मॉडचं नाव काय, कधीचा? इतकं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार, भावा.

धावपट्टी_27
मायक्रोसॉफ्टचा नाद सोडा. एक्स-प्लेन 12 घ्या. जी1000, म्हणजे 172 चे ते डिजिटल स्क्रीन, त्यात आधीपासून आहे, मॉडची भानगडच नाही.

फुकटफौजदार
पैसे घालवायचेच कशाला? फ्लाइटगिअर फुकट आहे, 172 त्यातही आहे. माझ्या जुन्या डबड्यावर पळतो.

घाटमाथा_172
माणसाची रविवारी फ्लाइट आहे आणि तुम्ही त्याला घरच बदलायला सांगताय.

विश्रामबागचे_नाना
चांगला छंद आहे. एक माहिती असावी म्हणून सांगतो, कमर्शियल लायसन्सला खऱ्या विमानाचे 200 तास लागतात, घरच्या कॉम्प्युटरवरचे धरत नाहीत. माझ्या पुतण्याने चौकशी केली होती. डोळे आधी तपासून घ्या. आकडे दिसत नाहीत म्हणताय म्हणून सुचवलं.

कृष्णाकाठचा_कॅप्टन
नाना, डोळे ठणठणीत आहेत. मी बँकेत आहे, पायलट व्हायचं नाही.
2020, स्टीम. लॅपटॉप, आरटीएक्स 3050. मॉड वर्किंग टायटलचा जी1000. व्हिडिओ जुना होता, पण लाइक भरपूर होते.

घाटमाथा_172
हां, हे आधी सांगायचं की. वर्किंग टायटल या मॉड बनवणाऱ्या टीमने सुरुवातीला जी1000 चा वेगळा मॉड काढला होता, तो 'कम्युनिटी' या मॉडच्या फोल्डरात टाकायचा. पुढे त्यांनी मायक्रोसॉफ्टबरोबरच काम केलं आणि जी1000 एनएक्सआय, म्हणजे त्याची नवी आवृत्ती, सिमच्या आतच आली. तुझा सिम नवा आणि मॉड जुना, दोघंही त्याच स्क्रीनवर हक्क सांगतायत. काळं होणारच.
कम्युनिटी फोल्डरचं नाव बदल, त्याच जागी त्याच नावाचा रिकामा फोल्डर कर आणि सिम चालू कर. स्टीमवाल्यांचा फोल्डर बहुतेक ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये असतो. तिथे नसेल तर यूझरसीएफजी फाइल नोटपॅडमध्ये उघड, अगदी शेवटच्या ओळीत पत्ता असतो.

दोनमॉनिटर
एवढा उपद्व्याप नको. उजवा ऑल्ट धरून स्क्रीनवर क्लिक करा, तो वेगळ्या खिडकीत निघतो. मी जुना मॉनिटर टेबलावर आडवा ठेवलाय, त्यावर पीएफडी (उंची-वेगाचा स्क्रीन) आणि एमएफडी (नकाशाचा स्क्रीन) शेजारी शेजारी. आकडे तांदळाएवढे होते, आता हरभऱ्याएवढे.

घाटमाथा_172
काळा स्क्रीन बाहेर काढला तर बाहेरही काळाच दिसणार. शिवाय 3050 वर दोन खिडक्या काढल्या की फ्रेमरेटचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) बोऱ्या.

दोनमॉनिटर
माझा नाही वाजत.

घाटमाथा_172
तुमचं कार्ड कुठलं?

दोनमॉनिटर
4080. पण मुद्दा तो नाही.

कवलापूर_आठवण
कोल्हापूरहून का उडता? सांगलीकर आहात ना? कवलापूरला आपली हक्काची धावपट्टी होती. तिचं काय झालं ते कोणी विचारत नाही, सगळे खेळण्यात दंग.

कऱ्हाडी_वारा
आमच्या कऱ्हाडला या की. कोयना धरणाच्या वेळची धावपट्टी आहे, अजून विमानं उतरतात.

कवलापूर_आठवण
कऱ्हाडला आहे म्हणून सांगलीला नको, हेच ऐकत म्हातारे झालो.

कृष्णाकाठचा_कॅप्टन, शनिवार दुपारी 1:15
विमानतळाचा वेगळा धागा काढा ओ!
रिकाम्या फोल्डरने काळेपणा गेला. पण आकडे तसेच, धुरकट. म्हणजे मॉड लागणारच ना? कोणता?

घाटमाथा_172
डीएलएसएस चालू आहे का?

कृष्णाकाठचा_कॅप्टन
हो, परफॉर्मन्सवर. सगळे तेच सांगतात, फ्रेमरेट वाढतो.

घाटमाथा_172
सापडलं शेपूट. डीएलएसएस चित्र आधी कमी रिझोल्यूशनला काढतं आणि मागच्या फ्रेम बघून मोठं करतं. डोंगर, ढग कुठून कुठे सरकले हे त्याला कळतं. पण कॉकपिटच्या स्क्रीनमध्ये 3,480 चं 3,500 झालं, हे कळत नाही. मग जुना आकडा नव्याच्या मागे रेंगाळतो. यावर मॉड टाकून काय होणार? अँटी-अलायसिंग टीएए कर, रेंडर स्केलिंग 100. मग ढग मीडियमला आण, नाहीतर फ्रेमरेट पडेल. 'ग्लास कॉकपिट रिफ्रेश रेट' नावाची सेटिंग आहे, तीही मीडियम पुरे. 'सगळं बघून झालंय' म्हणाला होतास म्हणून कालच विचारलं नाही, माझंच चुकलं.

धावपट्टी_27
माझ्या एक्स-प्लेनमध्ये हा त्रासच नाही.

स्टीमगेज_प्रेमी
मुळात काचेचं कॉकपिट हवंय कशाला? डिलक्स एडिशनमध्ये काट्यांच्या घड्याळांची 172 मिळते. काटा कधी धुरकट होत नाही. दोन दिवस डोळ्यांना सवय होऊ द्या.

दोनमॉनिटर
अजून एक. खऱ्या जी1000 चा स्क्रीन 10.4 इंची असतो. तुम्ही 15 इंची लॅपटॉपवर अख्खं कॉकपिट बसवलंत की तो काडेपेटीएवढा होणार. कंट्रोल धरून 1, 2, 3 दाबत बघा, एकेक उपकरण जवळून दिसतं. मॉनिटर घेणार नसाल तर निदान एवढं करा.

घाटमाथा_172
हे मात्र बरोबर बोललात.

कृष्णाकाठचा_कॅप्टन, रविवार दुपारी 12:30
टीएए केलं. आकडे छापल्यासारखे! फ्रेमरेट 45 वरून 29, चालतंय. कंट्रोलवाली युक्ती उतरताना फार कामाला आली. आंबोलीपर्यंत झकास गेलो आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर, फ्रेमरेट 9. बाकीचे चौघं दाबोळीला उतरले, मी मागून फोटो चिकटवल्यासारखा आलो.

घाटमाथा_172
बॅटरीवर लॅपटॉप कार्डाचा दम कमी करतो. इन्व्हर्टर आहे का घरी?

फुकटफौजदार
फ्लाइटगिअर बॅटरीवर पण पळतो.

विश्रामबागचे_नाना
लाइट आमच्याकडेही गेली होती, पाऊण तास.