शाळा व्यवस्थापन समितीत मुलांचे म्हणणे ठरावात कसे आणायचे?

कपाशीकाठ (प्रश्न)

जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ११८. समिती नव्याने बसली आहे. दोन विद्यार्थी सदस्य आहेत: सातवीची मुलगी अन् सहावीचा मुलगा. बैठकीत दोघे बाकावर बसतात, फोटो निघतो अन् चहाच्या आधी त्यांना वर्गात पाठवून देतात. लेकरांच्या मागण्या साध्या आहेत. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. हात धुवायच्या जागी चारपैकी दोन नळ बंद आहेत. परिपाठ उन्हात होतो. प्रोसिडिंगमध्ये (इतिवृत्तात) यातले एक अक्षर नाही. विद्यार्थी सदस्यांना मत असते काय? नसेल तर त्यांची मागणी ठरावात कशी आणायची, अन् पैसा कुठून काढायचा?

केंद्रप्रमुख_निवृत्त

भाऊ, २०१० च्या शासन निर्णयाप्रमाणे समिती १२ ते १६ जणांची. किमान ७५ टक्के पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. त्यासोबत दोन विद्यार्थी, त्यात किमान एक मुलगी. हे दोघे स्वीकृत सदस्य, म्हणून मतदानात धरत नाहीत. पण बोलायला त्यांना कोणी अडवू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सरळ सांगते की मुलाला भीती न वाटता आपले मत मांडता आले पाहिजे.

तुमच्याकडे अडते ते मतावर नाही, लिहिण्यावर. मूल बोलले, सगळ्यांनी मान डोलावली, पण सूचक-अनुमोदक नाही म्हणजे ठराव नाही. आणि ठराव नसला की मुख्याध्यापकाला खर्च टाकता येत नाही. म्हणून बैठकीआधीच एक पालक सदस्य सूचक म्हणून ठरवा, दुसरा अनुमोदक. मुद्दा मुलांनी मांडायचा, ठराव पालकाने. इतिवृत्तात मुलांचे कारण त्यांच्या शब्दांत आले पाहिजे. नमुना देतो (बालसभा म्हणजे बैठकीआधी मुलांनी आपसात घेतलेली सभा):

"विषय २, बालसभेतील मुद्दे. विद्यार्थी सदस्यांनी सांगितले की मुलींच्या संडासाला आतून कडी नसल्याने मुली दोघी-दोघी जातात, एक बाहेरून दार धरून उभी राहते. मधल्या सुटीत सगळ्यांची पाळी येत नाही, म्हणून काही मुली दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. ठराव: आतून कडी येत्या १५ दिवसांत बसवावी. खर्च शाळा अनुदानातून. काम पाहणार: (पालक सदस्याचे नाव). सूचक, अनुमोदक. सर्वानुमते मंजूर."

कारण, मुदत, पैसा, माणूस. यातले एक जरी राहिले तरी पुढच्या बैठकीत "पाहू, करू" एवढेच ऐकायला मिळते.

पैशाचे म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी शाळा-योजनेचे संयुक्त शाळा अनुदान पटावर असते: ३० पर्यंत १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. तुमचा पट ११८, म्हणजे ५० हजारांच्या गटात. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे, म्हणजे ५ हजार. कडी अन् दोन नळ त्यात आरामात बसतात. रक्कम कधी उशिरा येते, कधी हप्त्याने येते, तरी ठराव आधी करून ठेवा. पैसा मार्चच्या तोंडावर आला की घाईत भलतीच खरेदी होते, अन् ठरावात नसलेली कडी पुन्हा राहून जाते.

अजून एक. कोऱ्या पानावर सह्या कधीच करू नका. "सह्या करा, मी मागून लिहितो" इथेच मुलांचे मुद्दे गळतात. इतिवृत्त बैठकीतच लिहा, वाचून दाखवा, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारा, मग सह्या. त्या पानाचा फोटो त्याच दिवशी पालकांच्या गटावर टाका.

फळा_खडू

सरांनी लिहिले ते अगदी बरोबर, पण दोन लेकरांना एकदम पंधरा मोठ्यांसमोर उभे केले तर ती गप्पच राहणार. त्यांच्या मागे वर्ग उभा पाहिजे. बैठकीच्या तीन-चार दिवस आधी एक तासिका बालसभेला द्या. तिसरी ते सातवीच्या प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या, नाव लिहायचे नाही. पहिली-दुसरीची मुले चित्र काढतात. संडासाच्या दारासमोर उभी राहिलेली मैत्रीण चित्रात आली की वेगळे काही सांगावे लागत नाही.

मग मुलांकडूनच चिठ्ठ्यांचे तीन ढीग करून घ्या. शाळेतच होणारे: साबण, नळ, कडी, परिपाठाची जागा. ग्रामपंचायतीकडचे: पाणी, दिवा, शाळेपुढची नाली. वरचे: वर्गखोली, शिक्षक, एसटी. समितीसमोर पहिल्या ढिगातले फक्त तीन मुद्दे न्या. अकरा मागण्यांची यादी वाचली की मोठे लोक तिसऱ्या मागणीनंतर ऐकत नाहीत. परिपाठ व्हरांड्यात किंवा झाडाखाली घ्यायला तर रुपयाही लागत नाही, तो ठराव पहिला करा. पहिला मुद्दा लगेच झालेला दिसला की मुलांना पुढचा मांडायला बळ येते.

बालसभेचा मुद्दा विषयपत्रिकेवर दुसरा ठेवा, मागील इतिवृत्तानंतर लगेच. शेवटी ठेवला तर तोवर पालक उठून गेलेले असतात. बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी घ्या. त्या दिवशी मजूर वावरात जात नाहीत, म्हणून आया येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत दुसऱ्या कोणत्याही वारी बैठक ठेवली तर चार डोकी जमतील. संध्याकाळची बैठक ठेवू नका, मुलींना घरून सोडत नाहीत.

प्रतिनिधी निवडताना गुरुजींनी हुशार मुलांची नावे सुचवायची नाहीत. चिठ्ठी टाकून गुप्त मतदान घ्या. लांबच्या तांड्यावरून, पोडावरून (कोलामांच्या वस्तीवरून) येणारे एखादे मूल त्यात येते काय, तेही पाहा. अर्धी गैरसोय त्यांच्याच वाट्याची असते.

ग्रामपंचायत_सदस्य

दुसऱ्या ढिगाबद्दल. पाण्याची टाकी, नाली असले विषय समितीच्या ठरावाची प्रत जोडून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या अन् पोच घ्या. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसले तरच त्याला निधी लागतो, म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेआधी द्या. तोंडी सांगितलेले आराखड्यात येत नाही.

कपाशीकाठ

अजून दोन गोष्टी. गणवेशाबद्दल मुलांना विचारता येते काय? अन् एखाद्या चिठ्ठीत शिक्षकाविरुद्ध तक्रार निघाली तर?

फळा_खडू

गणवेशाचे अवश्य विचारा, घालणार ती आहेत. दोन जोड्यांचे ६०० रुपये येतात, त्यात कापड अन् शिलाई दोन्ही बसवायचे असते. मुलींना तीन गोष्टी विचारा: खिसा पाहिजे काय, कापड घामात अंगाला चिकटते काय, ओढणी सांभाळता येते काय. खिसा नसला तर रुमाल, पेन्सिल हातातच राहते. कापडाचा तुकडा आणून दोनदा धुऊन पाहा, आटतो किती ते कळते. माप उन्हाळ्याआधी घेतले तर शाळा उघडेपर्यंत मुले वाढलेली असतात. म्हणून खालच्या दुमडीत दीड-दोन इंच कापड सोडायला शिंप्याला सांगा, अन् ते ठरावातच लिहा.

केंद्रप्रमुख_निवृत्त

तक्रारीचे फार जपून. मारणे, अपमान करणे, जातीवरून बोलणे याला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. असली चिठ्ठी बालसभेत मोठ्याने वाचायची नाही. ती बाजूला ठेवा अन् अध्यक्षांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा, मुलाचे नाव इतिवृत्तात न घालता. त्याच कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे हक्कभंगाची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, अन् तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो.

अंगाला हात लावल्याची, लैंगिक छळाची गोष्ट असेल तर समितीची बैठक बोलावूच नका, गावातल्या गावात मिटवायला तर मुळीच बसू नका. पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन लागतो. मुलीला पुन्हा पुन्हा दहा जणांपुढे सांगायला लावू नका. शाळेच्या तक्रारपेटीची किल्ली एकट्या मुख्याध्यापकाकडे नको, पेटी महिला पालक सदस्यासमोर उघडा.

मेळघाट_वाट

कोरकू किंवा गोंडी बोलणारी मुले असतील तर बालसभा त्यांच्याच बोलीत होऊ द्या. मराठीत विचारले की "हो सर" एवढेच उत्तर येते. मोठ्या वर्गातले मूल किंवा अंगणवाडीताई दुभाषी म्हणून बसवा, अन् इतिवृत्तात त्यांचा शब्द आधी, मराठी अर्थ नंतर लिहा. आश्रमशाळा असेल तर पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना नाही, आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना जाते. तिथे लेकरे रात्रीही राहतात, म्हणून दिवे, पाणी अन् रात्रीच्या जेवणाचे वेगळे विचारा.