लहान मुलांच्या घरात शिवण चालू ठेवायचे तर नेमके कसे?

निळा दोरा, इंदूर

नमस्कार. मी रामबागेत राहते. घरात सासूबाई, यजमान, साडेचार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा आहे. शिवणाची आवड मला माहेरपासूनची. आईचे काळे पायमशीन लग्नानंतर मी सासरी आणले आणि मुलीच्या वेळी बाळंतविड्यातली झबली, टोपरी, दुपटी, कुंची सगळी घरीच शिवली. शिवण हा माझा व्यवसाय नाही आणि तो करण्याचा विचारही नाही. स्वयंपाक, भांडी, कपडे, मुलांचे जेवण हे सगळे आज केले तरी उद्या पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. शिवलेला परकर मात्र शिवलेलाच राहतो, आणि तो मुलीच्या अंगावर पाहताना मला जे समाधान मिळते ते दुसऱ्या कशात मिळत नाही.

धाकटा चालू लागल्यापासून हे सगळे विस्कटले आहे. गेल्या महिन्यात शीतलामाता बाजारातून बाग प्रिंटचे, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेले लाल-काळे सुती कापड आणले आणि मुलीसाठी परकर-पोलके बेतायला घेतले. दुपारी दोघे झोपल्यावर जमिनीवर कापड पसरले, पोलक्याचा पुढचा भाग आणि एक बाही कापून झाली, तेवढ्यात धाकटा उठला. जसे होते तसे गुंडाळून कपाटावर ठेवले ते चार दिवसांनी काढले, तेव्हा खडूच्या खुणा पुसून गेल्या होत्या. पहिली बाही कापडावर ठेवून दुसरी कापली आणि शिवायला घेतल्यावर कळले की छापाच्या बाजूने पाहता दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या आहेत. त्या रात्री मी कापडाची घडी मांडीवर घेऊन बराच वेळ नुसती बसून होते.

त्याहून गंभीर गोष्ट दोन दिवसांनी घडली. गादीवरची चादर झटकताना उशीपाशी एक टाचणी सापडली. कोणाला टोचली नाही, पण धाकटा त्याच जागी झोपतो. यजमान शांतपणे म्हणाले, "मुले शाळेत जाऊ लागेपर्यंत मशीन झाकून ठेवू या." ते रागावले नव्हते, घाबरले होते, आणि भीती मलाही वाटली. परंतु दोन-अडीच वर्षे हातात कात्री धरायची नाही, या कल्पनेने मन फार खट्टू होते.

माझा प्रश्न असा आहे की, ज्यांनी मुले लहान असताना शिवण सोडले नाही, त्यांनी कोणते काम केव्हा केले, सामान कोठे ठेवले, आणि कोणते काम खरोखरच पुढे ढकलले? "वेळ काढा" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो कसा काढला हे कृपया सविस्तर लिहावे.

काजबटण, इंदूर

ताई, मी सुदामा नगरात घरी शिवणवर्ग घेते आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुली लेकुरवाळ्या असतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आधी तुमच्या बाह्यांविषयी. त्या वाया गेलेल्या नाहीत. बाहीचा पुढचा गोल मागच्यापेक्षा थोडा खोल असतो, म्हणून डावी-उजवी असा भेद होतो. चार-साडेचार वर्षांच्या मुलीच्या मापात हा फरक जेमतेम अर्धा ते एक सेंटीमीटर असतो. दोन्ही बाह्यांचा मागचा गोल पुढच्याइतकाच खोल करून घ्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतील आणि डावे-उजवे उरणारच नाही. मुंढ्यापाशी, म्हणजे बाही खांद्याला जोडतो तिथे, थोड्या चुण्या घातल्या तर ओढही बसणार नाही. यापुढे कापडाची सुलट बाजू आत घेऊन दुहेरी घडी घाला आणि दोन्ही बाह्या एकदमच कापा. मग मध्येच उठावे लागले तरी ही चूक होऊच शकत नाही. बाग प्रिंटचे कापड बेतण्याआधी वेगळे धुतले नसेल, तर निदान उरलेला तुकडा धुऊन पाहा. पहिल्या एक-दोन पाण्यात त्याचा रंग सुटतो आणि सुती कापड मीटरमागे दोन-चार सेंटीमीटर आटूही शकते.

आता मूळ प्रश्न. शिवणातली सगळी कामे सारखी नसतात, हे लक्षात घेतले की बरेचसे सुटते. बेतणे आणि कापणे मध्येच थांबवता येत नाही. मशीनची टीप प्रत्येक शिवणीच्या शेवटी थांबवता येते. हाताचे काम, म्हणजे दुमड घालणे, हुक लावणे, काज करणे, कच्चे टाके घालणे, कोणत्याही टाक्याला थांबवता येते. तुमची दुपार का फसली, तर जे काम थांबवता येत नाही ते तुम्ही केव्हाही मोडू शकणाऱ्या वेळात करायला घेतलेत. दुपारची झोप ही टीप मारायची वेळ आहे, कापायची नव्हे.

कापण्यासाठी पंधरा दिवसांतून एकदा दीड-दोन तास असे ठरवून घ्या की मुले दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात असतील, आणि त्या एका बैठकीत दोन-तीन कपडे कापून मोकळ्या व्हा. खडू पुसला जातो, म्हणून मुंढा, कंबर, टकांच्या (दुमडून शिवायच्या पट्ट्यांच्या) जागा अशा महत्त्वाच्या खुणा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कच्चा टाका घालून करा. त्या महिनाभर टिकतात. प्रत्येक कपड्याची एक कापडी पिशवी ठेवा. तिच्यात कापलेले भाग, त्याच रंगाचा दोरा, भरलेली बॉबिन (मशीनच्या खालच्या दोऱ्याची फिरकी), हुक-बटणे आणि एक चिठ्ठी असावी. चिठ्ठीवर पुढचे एकच काम लिहावे, जसे "डावा खांदा जोडणे". मुलाला झोपवून शिवायला बसले की चार दिवसांपूर्वी आपण कुठवर आलो होतो हे आठवण्यातच पंधरा मिनिटे जातात आणि तेवढ्यात मूल उठते. खरे पाहता फ्रॉकची एक बाजू शिवायला मशीनला मिनिटभरही लागत नाही. वेळ जातो तो जुळवाजुळवीत, आणि ती तर हाताने आधीच करून ठेवता येते.

टाचण्यांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. दीड वर्षाचे मूल घरात असताना टाचण्या वापरूच नयेत असे माझे मत आहे. कच्चा टाका आणि कापडाला लावायचे प्लास्टिकचे चिमटे यांवर सगळे काम होते. वापरायच्याच असतील तर मोजून 20 घ्या, रंगीत डोक्याच्या घ्या, आणि उठताना मोजून 20 भरल्याशिवाय उठू नका. टाचण्या गोळा करायला काही जणी छोटी लोहचुंबके वापरतात, ती लहान मुलांच्या घरात अजिबात आणू नयेत. एकापेक्षा अधिक चुंबके पोटात गेली तर ती आतड्यात एकमेकांना चिकटून जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो.

आणखी एक. तुमचे काम आता लांबणार, आणि या वयाचे मूल वर्षाला साधारण 6 ते 7 सेंटीमीटर उंच होते. म्हणून परकराच्या घेराला आतून 8 सेंटीमीटर दुमड ठेवा, वर एक आडवी टक घाला आणि पोलक्याच्या दोन्ही कुशींत अडीच-अडीच सेंटीमीटर माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडा. दोन महिन्यांनी पुरा झालेला कपडा आखूड झाला तर फार जीव हळहळतो.

दोन मुलींचा बाबा, इंदूर

ताई, मी शिवत नाही, माझी पत्नी शिवते. तरीही लिहितो, कारण तुमचे यजमान जे बोलले तेच मी तीन वर्षांपूर्वी बोललो होतो.

आमच्याकडे आधी असे चालत असे की ती त्याच खोलीत मशीनवर बसायची आणि मी मुलींकडे "लक्ष ठेवायचो". त्याचा काहीही उपयोग होत नव्हता. आई डोळ्यांसमोर असली की मुले आईकडेच जातात, आणि आईचा एक कान मुलांकडेच लागलेला असतो. आता मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी दोघींना घेऊन घराबाहेरच पडतो. कधी नेहरू पार्क, कधी नुसती राजवाड्यापर्यंत चक्कर. सव्वा तासाने परत येतो. घरात कोणी नाही हे ठाऊक असल्यामुळे ती त्या वेळात निर्धास्तपणे कापड जमिनीवर पसरते.

दुसरे असे की, मशीनच्या सुरक्षिततेचे काम मी माझ्याकडे घेतले आहे. काम संपले की पायमशीनचा पट्टा चाकावरून उतरवणे, सुई काढून डबीत घालणे, कात्री वरच्या फळीवर ठेवणे आणि बॅटरी लावून फरशी पाहणे हे मी रोज करतो. यजमानांना नुसता धीर देण्यापेक्षा हे काम द्या. माझी भीती तरी अशीच गेली.

माळव्यातली आजी

बाळ, तुझे पत्र वाचले आणि जुने दिवस आठवले. काजबटणताईंनी लिहिले ते बरोबरच आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. धाकटा दोन-अडीच वर्षांचा होईपर्यंत मशीन बाजूला ठेवलेस तर काही बिघडत नाही. सुई मात्र खाली ठेवू नकोस.

पायमशीनच्या मोठ्या चाकाची मला धास्ती आहे. माझ्या भाच्याने तीन वर्षांचा असताना खेळता खेळता पायटा (मशीन चालवायची पायाखालची पट्टी) दाबला आणि धाकट्या बहिणीचे बोट पट्ट्यात सापडले. हाड वाचले, पण नख गेले. घरात चार मोठी माणसे होती, तरी हे घडले.

माझी तीन मुले लहान असताना मी गोधड्या शिवल्या. जुन्या सुती नऊवारींचे पदर आणि काठ वेगळे करायचे, चांगला भाग एकावर एक तीन-चार पदरी अंथरायचा, कडा कच्च्या टाक्यांनी धरायच्या आणि मग कडेकडेने धावदोरा घालत आत यायचे. या कामाला ना टेबल लागते ना वीज. मूल मांडीवर झोपले तर त्याच्याभोवतीच्या भागात टाके घालावेत, उठले तर सुई त्याच ओळीत अडकवून न ठेवता काढून डबीत टाकावी आणि गोधडी गुंडाळून पलंगावर ठेवावी. दिवसाला एक ओळ झाली तरी झाली. एक गोधडी मला सात महिने पुरली. तिच्यावर एके ठिकाणी टाके फार मोठे आणि वाकडे आहेत. मधल्याला गोवर आला होता, त्या आठवड्यात रात्री त्याच्या उशाशी बसून घातलेले ते टाके आहेत. ती गोधडी आज नातवाच्या अंगावर आहे आणि ते टाके मी उसवले नाहीत.

थोरलीला सोबत घे. साडेचार वर्षांच्या मुलीला जाड जाळीचे कापड, बोथट टोकाची मोठी सुई आणि लोकरीचा धागा दे, म्हणजे ती शेजारी बसून आपली ओळ घालेल. बटणांचा डबा मात्र तिच्या हाती देऊ नकोस, कारण तिच्या हातून तो धाकट्याकडे जाणार आणि बटण तोंडात जायला वेळ लागत नाही.

काजबटण, इंदूर

आजी, चाकाविषयी आपण लिहिले ते अगदी खरे आहे, आणि पट्टा उतरवण्याचा नियम मी माझ्या वर्गातही आजपासून सांगणार आहे. परंतु मशीन पूर्ण बंद ठेवण्याच्या मताशी मी सहमत होऊ शकत नाही. हाताचे काम आवडणारी बाई वेगळी आणि कापडाला आकार देणे आवडणारी वेगळी. ताईंच्या लिहिण्यावरून त्या दुसऱ्या प्रकारातल्या वाटतात, आणि त्यांना दोन वर्षे फक्त धावदोरा घालायला सांगितला तर त्यांची भूक भागणार नाही. आठवड्यातून एक सुरक्षित तास मशीनचा आणि बाकीचे दिवस हाताचे काम, अशी वाटणी मला अधिक योग्य वाटते.

एक वाचक, देवास

एवढेच विचारावेसे वाटते की, ताई, तुम्ही स्वतःसाठी शेवटचे काय शिवलेत? तुमच्या पत्रात झबले मुलीचे, परकर मुलीचा, कुंची बाळाची. माझेही पाच वर्षे असेच चालले होते आणि शेवटी शिवण हेही मुलांच्याच कामांपैकी एक होऊन बसले. आता मी तीन पिशव्यांपैकी एक माझी ठेवते.

निळा दोरा, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण आधी करून पाहावे आणि मग लिहावे असे ठरवले होते.

बाह्या काजबटणताईंनी सांगितल्याप्रमाणे सारख्या करून चुण्या घातल्या. दोन्ही लागल्या आणि पोलके अंगात नीट बसले. उरलेला तुकडा धुतला तेव्हा पाणी लालसर झाले, म्हणून परकराचे कापड कापण्याआधी दोनदा धुऊन वाळवले. टाचण्यांची डबी सासूबाईंच्या कुलपाच्या कपाटात गेली आहे आणि मी एकही वापरलेली नाही. कच्च्या टाक्यांनी काम संथ होते, परंतु कापड सरकत नाही, हा फायदा मला आधी ठाऊक नव्हता.

बाबांचे उत्तर यजमानांना वाचून दाखवले. त्यांनी काहीच म्हटले नाही, पण रविवारी सकाळी दोघांना घेऊन पोहे खायला बाहेर गेले ते साडेदहाला परतले. तेवढ्या वेळात परकर कापला आणि पट्टा मी स्वतःच उतरवून ठेवला. या रविवारीही जाणार असे मुलीने मला सांगितले आहे, त्यांनी नव्हे.

आजी, सासूबाईंच्या ट्रंकेत दोन जुनी सुती लुगडी निघाली आणि त्या स्वतःच म्हणाल्या की गोधडी करायची असेल तर कडा मी धरून देते. पहिली ओळ त्यांनी घातली आहे.

देवासच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला कपाट उघडावे लागले. स्वतःसाठी शेवटचा शिवलेला ब्लाउज मुलीच्या जन्माआधीचा आहे आणि तो आता होत नाही; कुशीत माया आहे, पण पुरेशी नाही. माहेश्वरी साडीसोबत आलेले ब्लाउजचे कापड तीन वर्षे घडीतच पडून होते. ते तिसऱ्या पिशवीत घातले आहे आणि चिठ्ठीवर "माप घेणे" असे लिहिले आहे. पाठीचे माप स्वतःचे स्वतःला नीट घेता येत नाही, म्हणून ते सासूबाईंकडून घेणार आहे.