नोकरी देण्याआधी कंपनी आपलं सोशल मीडिया कितपत बघते?

चर्चगेट_स्लो:
बीकेसीतल्या एका फायनान्स कंपनीत दुसरी फेरी झाली. फॉर्मवर लिंक्डइनची लिंक मागितलीय. फेसबुक, इन्स्टाही चाळतात का? सगळं डिलीटच करून टाकू?

चाळणीवाला:
डिलीट नको. पार्टीच्या फोटोंपेक्षा तारखांवर जास्त जण अडकतात. रेझ्युमेत मार्च 2023 पर्यंत नोकरी, लिंक्डइनवर जानेवारीपर्यंत आणि यूएएनच्या (पीएफ खात्याच्या कायम क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्ट्रीत तिसरंच काही; बीजीव्हीवाला (पार्श्वभूमी तपासणारा) याचा अर्थ सरळ 'गॅप लपवली' असा लावतो. रिलीव्हिंग लेटरवरची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या पत्रावरची) तारीख प्रमाण धरून बाकीच्या तिच्याशी जुळवा. यूएएनवरच एग्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) चुकली असेल तर ती दुरुस्त करायला वेळ लागू शकतो, तेव्हा आजच बघा. लिंक्डइनवर बदल करताना 'नोटिफाय नेटवर्क' बंद ठेवा, नाहीतर सध्याच्या ऑफिसात बोभाटा.

लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला, म्हणजे हेडलाइनला, 220 अक्षरं मिळतात. तिथे 'संधीच्या शोधात' लिहिणं म्हणजे जागा फुकट घालवणं. रिक्रूटर पदाचं नाव, कौशल्य आणि शहर टाकून शोधतो. 'क्रेडिट अ‍ॅनालिस्ट, मुंबई' असं असेल तरच सापडाल.

तिसरी_सीट:
लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' (नोकरी शोधतोय अशी खूण) लावायचं असेल तर 'फक्त रिक्रूटर्स' निवडा. फोटोभोवतीची हिरवी पट्टी सगळ्यांना दिसते. तरी स्वतःच्या कंपनीच्या रिक्रूटरला ते कधीच दिसणार नाही, अशी हमी लिंक्डइनसुद्धा देत नाही.

फेसबुकवर 'लिमिट पास्ट पोस्ट्स' दाबलं की जुन्या पब्लिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. मात्र ते एका फटक्यात उलटवता येत नाही. मित्राने टॅग केलेला फोटो त्याच्या सेटिंगवर चालतो, तिथून टॅग काढा. आणि व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी विसरू नका, एचआरने नंबर सेव्ह केला की पहिला तोच दिसतो!

कलम_बहाद्दर:
कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तुम्ही स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागूच होत नाही. पासवर्ड मागितला तर मात्र साफ नाही म्हणा. बरी कंपनी ही तपासणी मुलाखत घेणाऱ्याला करू देत नाही, कारण प्रोफाइलवर जात, धर्म, गरोदरपण सगळंच दिसतं आणि एकदा दिसलेलं डोक्यातून जात नाही.

चर्चगेट_स्लो:
यूएएन उघडून बघितलं. एग्झिट डेटच भरलेली नाही.

चाळणीवाला:
शेवटचं पीएफ जमा होऊन दोन महिने झाले असतील तर 'मार्क एग्झिट' स्वतःच करता येतं. ओटीपी आधारच्या मोबाइलवर येतो. तारीख लेटर समोर ठेवूनच टाका.