गॅस्ट्रिक बँडनंतर वजन किती उतरेल?

वहिनींचं वजन ११० किलो, आणि बँड (थोडं खाऊनच पोट भरावं म्हणून जठराच्या वरच्या भागाभोवती बसवतात तो पट्टा) बसवल्यावर सहा महिन्यांत ४० किलो जाईल असं तुम्ही धरून चाललात. एवढा वेग स्लीव्ह-बायपासमध्येही (जठर कापून लहान करण्याच्या किंवा अन्नाची वाट वळवण्याच्या शस्त्रक्रियांमध्येही) क्वचितच दिसतो हो! बँडमध्ये सुरुवातीला आठवड्याला अर्धा ते एक किलो, तेही पट्ट्यात सलाइन भरून त्याचा घट्टपणा नीट जुळला की. आदर्श वजन ६५ धरलं तर जादा ४५. त्यातलं निम्म्याच्या आसपास, म्हणजे वीसेक किलो, दोन वर्षांत गेलं तरी उत्तम म्हणायचं. शिवाय बँड चपाती-भात अडवतो, ज्यूस-आइसक्रीम सरळ खाली उतरतं. तलावपाळीला रोज फेरी मारायला न्या, पण येताना फालुदा नको. उलट्या होत राहिल्या किंवा गिळायला त्रास झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनला गाठा.