दूध-तूपही न खाणाऱ्यांसाठी तैपेई की बँकॉक?

प्रश्न: आम्ही उभयता व्हीगन आहोत. तैपेई आणि बँकॉक यांपैकी कोणत्या शहरात जेवणाची अडचण कमी येईल?

उत्तर १: निःसंशय तैपेई. बौद्ध परंपरेमुळे तिथे शाकाहारी बुफे सहज सापडतात आणि अनेक ठिकाणी ताटाचे वजन करून पैसे घेतात. शिवाय शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद पदार्थांवर त्यांत अंडी वा दूध आहे का, हे प्रकारानुसार छापणे बंधनकारक आहे. बेकरीत मात्र विचारूनच घ्यावे.

उत्तर २: बँकॉकही वाईट नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ असे थाई लिपीत लिहिलेल्या ठिकाणी मांस, अंडी, दूधच काय, कांदा-लसूणही नसतो (आमच्या सासूबाई खूश होत्या). इतरत्र साध्या भाजीतही माशाचा सॉस घालतात, त्यामुळे तो नको असल्याचे आधीच सांगावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तैपेईच ठरवतो.