पुडीतल्या गोळ्यांचं नाव विचारा

गल्लीतल्या एखाद्या दवाखान्याबद्दल लोक म्हणतात, 'एका सुईत ताप उतरतो, म्हणून तिथे रांग लागते'; ते खरं, पण रांगेवरून डॉक्टर पारखू नका. आमच्या बाबांना गल्लीतल्या दवाखान्यातून कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळाल्या, चिठ्ठी नाहीच. रात्री अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. हॉस्पिटलात पहिला प्रश्न, काय घेतलं होतं? आमच्याकडे उत्तर नव्हतं. ती भीती अजून जात नाही.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठीवर लिहिलेला असायलाच हवा. मी आता आधी भिंतीवर तो शोधते आणि पुडी मिळाली तर तिच्यावर प्रत्येक गोळीचं नाव लिहून घेते.